आबा रोज बल्ब पुसायचे

मित्रांनो, जरा मान वर करा. अजून वर. बल्बच्या डोक्यावर तो काळा, वाटोळा, वायरीला लोंबकळणारा दिसतोय ना, तोच मी. होल्डर. बल्बकडे सगळे बघतात, मला कुणी ओळखत नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं. आणि मला जुना म्हणू नका हं. या घरात येऊन मला दोनच वर्षं झालीत. पण त्या दोन वर्षांत मी एकदा भंगारात जाता जाता वाचलोय, आणि ते कुणाला तरी सांगायचं म्हणून मी किती दिवस तडफडतोय. मला तोंड आहे, नाही असं नाही, पण त्यात कायम बल्ब असतो.

माझा जन्म मुंबईचा. कारखान्यात काळी भुकटी तापवून साच्यात दाबली, की झालो मी. मग माझ्या तोंडात पितळेच्या दोन छोट्या दांड्या बसवल्या, दोघींच्या मागं स्प्रिंगा. बल्ब आत ढकलला की दांड्या दबतात, आणि लगेच पुढं येऊन बल्बच्या बुडाला घट्ट टेकतात. त्यांच्यातूनच वीज बल्बात जाते. दांड्या पुढं आल्या नाहीत की संपलं, अंधार. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आगगाडीनं मी भुसावळला आलो, एका दुकानात खोक्यात पडलो, आणि पितांबर वायरमननं मला तिथून रावेरला आणलं. केळीच्या बागांना लागून सुपडू आबांचं घर. गावात वीज नवी नवी होती. घरात एकच दिवा घेतला, मधल्या खोलीत, आणि त्या दिव्याचा होल्डर मी.

वीज कुणासाठी आली माहितेय? कुंदासाठी. कुंदा आबांची नात. सातवीत होती, फायनलच्या सरकारी परीक्षेला बसणारी त्या गल्लीतली पहिली पोरगी. पास झाली तर धुळ्याला ट्रेनिंगला जाणार आणि मास्तरीणबाई होणार. पण रॉकेलच्या चिमणीच्या धुरानं तिचे डोळे असे सुजायचे की जळगावच्या डॉक्टरांनी आबांना बजावलं, चिमणी-कंदिलापुढं वाचणं बंद, नाहीतर डोळे जातील. दिवसा शाळा, धुणं, गुरं. वाचायचं ते दिवेलागणीनंतरच. मग आबांनी वीज घेतली. भाऊबंद हसले, पोरीच्या पुस्तकासाठी म्हाताऱ्यानं घराला तारा गुंडाळल्या म्हणाले. पण पहिल्यांदा बल्ब लागला तेव्हा आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा नीट घातली, ते मी वरून बघितलं.

आता ऐका. आबा लहानपणापासून रोज दिवेलागणीला कंदिलाची काच काढायचे, राखेनं पुसायचे, बर्नरमध्ये बोट फिरवायचे आणि काच परत बसवायचे. सत्तरी आली तरी हे काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. बल्ब आला तेव्हा त्यांना वाटलं, हीसुद्धा काचच. बागेतून आले की सरळ माझ्याखाली. मी लोंबकळतो त्यांच्या हाताला येईल एवढ्याच उंचीवर. बल्ब काढायचे, धोतराच्या सोग्यानं काच पुसायचे, बूड घासून लख्ख करायचे, आणि मग बर्नरमध्ये फिरवायचे तसं माझ्या तोंडात बोट फिरवायचे. बटण बंद असायचं आणि आबांचं नशीब जोरात होतं, दुसरं काय. त्या वेळी बायका गोठ्यात नाहीतर चुलीपाशी, म्हणून घरात कुणाला पत्ताच नाही.

आणि बोट कसलं? केळीचे घड कापणारं. घड कापला की देठातून चीक गळतो. ओला असला की पाण्यासारखा, वाळला की काळा आणि इतका चिवट की कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. तो चीक रोज थोडा थोडा माझ्या दांड्यांना लागत गेला. आधी गुदगुल्या झाल्या. मग जड वाटायला लागलं. मग दांड्या हळूहळू पुढं यायला लागल्या, आणि एका गुरुवारी दोन्ही आत अडकून बसल्या.

फायनल होती सोमवारी.

कुंदानं बटण दाबलं, अंधार. परत दाबलं, अंधार. आबा दारातून म्हणाले, "लय वाचते तू. बल्ब बी थकला असीन."

ते थट्टेनं म्हणाले हो, पण पोरीनं मनावर घेतलं. तिची आई शेवंताबाई भाकरी थापत होती. कुंदा तिच्याजवळ जाऊन बसली आणि, आपणच बल्ब फार जाळला की काय या भीतीनं, तिनं हळूच विचारलं, "आई, मीच जास्त जायला का गं त्याले?" आईनं नाही म्हटलं, पण खरं काय ते तिलाही ठाऊक नव्हतं. कुंदाचे वडील लीलाधर केळीच्या वॅगनीबरोबर दिल्लीला गेलेले. विचारणार कुणाला?

शेजारी तोतारामचं किराणा दुकान. शेवंताबाईनं डोकावून बघितलं, दुकानात बल्ब लागलेला. म्हणजे गावातली लाईन चालू. तोताराम मदतीला आला आणि आधी बटण वीसेक वेळा खटाखट दाबलं, जणू बटणच झोपलंय. मग फ्यूजची तार बदलली. काही नाही. मग बल्ब काढून कानाशी हलवला. आतली तार तुटली असती तर खुळखुळली असती, ती शाबूत. तरी खात्री म्हणून तो बल्ब दुकानात नेऊन लावला, तर तिथं लखलख पेटला. दुकानातला बल्ब आणून माझ्यात लावला, तर अंधार. तोतारामनं हात झटकून निकाल दिला, होल्डर मेला, फेका आणि नवा आणा.

मित्रांनो, मी मेलो नव्हतो हो. माझ्या तोंडात नुसता चीक होता.

नवा होल्डर मिळणार भुसावळला, आणि पितांबर वरणगावला कामावर, शनिवारशिवाय येणार नाही. तोतारामच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत पोरीनं बसायचं कुठं? शुक्रवारी संध्याकाळी कुंदानं गुपचूप चिमणी लावली. घटकाभरात डोळे लाल, पाण्याचे लोट. शेवंताबाईनं येऊन फुंकर मारली. रागावली नाही, नुसती शेजारी बसली. मग कुंदा अंधारातच पाठ म्हणायला लागली. म्हणता म्हणता अडायची आणि गप्प व्हायची, कारण पुस्तक उघडून बघायची सोय नव्हती. आबा ओसरीत बसून ऐकत होते. ती अडली की त्यांचा खोकला ऐकू यायचा.

शनिवारी दुपारी पितांबर आला. सगळं ऐकलं आणि म्हणाला, पुढच्या आठवड्यात भुसावळला जाईन तेव्हा नवा आणतो, हा काढून टाकू. झालं, मला वाटलं, आता भंगार.

कुंदा पुढं आली. "फेकायच्या आधी उघडून तं बघा, भाऊ."

पितांबर म्हणाला, होल्डरमध्ये बघण्यासारखं काय असतं. पण ती त्याच्यासमोरून हलेचना. शेवटी त्यानं फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवला, म्हणजे चुकून कुणी बटण दाबलं तरी भीती नको, मला वायरीवरून सोडवलं आणि उजेडात धरलं. माझ्या दांड्या काडीनं हलवून बघितल्या. हलेनात.

"यात डिंक कुणी ओतला?" त्यानं विचारलं.

शेवंताबाईनं मला हातात घेतलं, नखानं खरवडलं. जन्म केळीत गेलेला तिचा. "डिंक नही, भाऊ. केयीचा चीक आहे हा."

सगळ्यांचे डोळे आबांच्या हातांकडे गेले. आबांनीही स्वतःच्या काळ्या बोटांकडे बघितलं आणि हात पाठीमागं नेले. पितांबर हसायला लागला, पण शेवंताबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो तिथंच थांबला.

"कंदिलाची काच रोज पुसतो मी," आबा म्हणाले. "याची नही पुसाची?"

कुंदा आत पळाली आणि रॉकेलची बाटली घेऊन आली. चीक पाण्यानं जात नाही, रॉकेलनं जातो, हे इकडं शेंबडं पोरही सांगेल. पितांबरनं काडीला चिंधी गुंडाळली, रॉकेलात बुडवली आणि माझं तोंड घासलं. मग कोरड्या चिंधीनं पुसलं. एक दांडी टक करून पुढं आली. मग दुसरी, टक. काय सांगू तुम्हाला, किती दिवसांनी जांभई दिल्यासारखं वाटलं. वास जाईपर्यंत मला तासभर उन्हात ठेवलं, मग वायरीला जोडलं, बल्ब बसवला, फ्यूज लावला. कुंदानं बटण दाबलं.

लागला. भर दुपारी, उजेडात धड दिसेना, तरी लागला. कुंदा रडायला लागली, आणि रडता रडताच तिनं पुस्तक ओढलं. शेवंताबाईनं पितांबरसाठी चहा टाकला तो दोनदा उतू गेला.

मग कुंदानं आबांना समजावलं की या काचेत धूर नसतो, ती काळी पडतच नाही, तिला रोज पुसायला नको. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग दिवेलागनीले मी काय करू?"

कुंदानं पुस्तक मिटलं. "बटन तुमी दाबा, आबा. दुसऱ्या कोनी हात नही लावाचा."

सोमवारी ती परीक्षेला गेली. पास झाली. आता धुळ्याला असते. आणि इथं रोज दिवेलागणीला आबा हात रॉकेलनं, मग राखेनं धुतात, कोरडे करतात, टोपी नीट करतात आणि बटण दाबतात. मी लगेच बल्बात वीज सोडतो, एक क्षण उशीर करत नाही. घरातले सगळे हात जोडतात. आबा सगळ्यांच्या शेवटी जोडतात.

तर मित्रांनो, माझ्या तोंडात बोट कधी घालू नका, बटण बंद असलं तरी नाही. बल्ब लागला नाही तर कुणा जाणत्याला फ्यूज काढून माझ्या आत बघायला सांगा, मला लगेच भंगारात टाकू नका. आणि आपली काळजी घेणारं माणूस चुकलं तर त्याचा हात झटकू नका. त्याला हात धुवायला सांगा, आणि मग त्या हाताला दुसरं काम द्या.