दोन्ही बाजूंनी पॉलिश

शार्दूल टेंबे या माणसाला जुनं लाकूड आहे तसं ठेवता येत नसे. कुणाकडे चहाला गेला तरी खुर्चीच्या हातावरून अंगठा फिरवून म्हणायचा, आत सागवान आहे हो, वरचा रंग तेवढा खरवडून काढा. मूळचा इंदूरचा, भोपाळात आर्किटेक्ट म्हणून चांगलं नाव, आनंद नगरात घर आणि घरामागे पत्र्याची शेड. लोकांनी टाकलेली दारं-खिडक्या त्या शेडमध्ये येत आणि नवरीसारखी नटून बाहेर पडत. माणूस हुशार, यात वाद नाही. पण अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं आपल्याकडे म्हणतात ते काही उगाच नाही.

भोपाळातल्याच चार इमली वस्तीच्या अलीकडच्या एका कॉलेजातलं मुलींचं जुनं होस्टेल नवं करायचं काम त्याच्याकडे आलं. आताच्या पोरींना उशाशी चार्जिंगचा प्लग हवा होता, खोलीला लागून बाथरूम हवं होतं, आणि कपाटाला असं कुलूप हवं होतं की रूममेटला बिस्किटं सापडू नयेत. शार्दूलची मुलगी जुई त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिचं म्हणणं, प्लग मिळणार असतील तर बाकीच्या भिंती पाडल्यात तरी चालेल. तेव्हा भिंतीतली सागवानी कपाटं काढायची ठरली.

त्या कपाटांची एक गंमत होती. माळव्यात मुलगी सासरी निघाली की माहेरच्या भिंतीवर हळदीचा हात उमटवून जाते. होस्टेलच्या पोरींनी ही रीत उचलली होती. शेवटचा पेपर झाला की मेसमधून वाटीभर हळद पळवायची, आपल्या कपाटाच्या दाराला आतून हात उमटवायचा, आणि बाकीच्यांनी गळ्यात पडून खोटं खोटं रडायचं. रडता रडता त्यातल्या दोघी-तिघी खऱ्याच रडू लागत. काही दारांवर कितीतरी वर्षांचे हात होते, काहींवर एखादाच. शार्दूलनं त्यातल्या देखण्या दारांचे फोटो काढले, कॉलेजच्या मीटिंगमध्ये दाखवून वाहवा मिळवली, आणि मग त्याच दारांना रंधा मारून खालच्या लॉबीत भिंतभर सागवान लावायचं ठरवलं. कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

दारं निघायच्या सुमारास त्याला उज्जैनहून फोन आला. नलिनीताई सोमण, शाळेतून रिटायर झालेल्या बाई. त्यांची मुलगी ऋचा त्या होस्टेलात वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत राहायची. शिक्षण संपवून नोकरीला लागली आणि वर्षाच्या आत डेंग्यूनं गेली. होस्टेल सोडताना तिनं कपाटाच्या दारावर हात उमटवला, त्या दारावरचा तो एकुलता हात, तेव्हा ताई तिचं सामान न्यायला आल्या होत्या, त्यांनी तो बघितला होता. घरात तिचे कपडे होते, फोटो होते, पण तिच्या हाताचं माप त्या दारावरच उरलं होतं. ते दार टाकू नका, एवढंच त्यांचं मागणं होतं. थंडी ओसरली की गुडघे साथ देतात, तेव्हा येऊन घेऊन जाईन म्हणाल्या.

शार्दूल लगेच हो म्हणाला. माणूस वाईट नव्हताच. त्यानं स्वतः जाऊन ते दार उतरवून घेतलं, गाडीच्या टपावर बांधलं आणि शेडमध्ये आणून ठेवलं. ताईंना फोन करून सांगितलं, दार माझ्या घरी आहे, जिवापाड जपेन.

इथंच थांबला असता तर बरं झालं असतं. पण एका आईला असं कळकट, बिजागऱ्या लोंबणारं दार कसं द्यायचं? त्यानं आपल्या विजय मिस्त्रीला बोलावून सांगितलं, हे दार झकास करून दे, भेट द्यायचंय. मिस्त्रीनं दार उभं केलं, बघितलं आणि विचारलं, "साहब, दोनों तरफ?" शार्दूल तेव्हा फोनवर टाइल्सवाल्याशी भांडत होता. त्यानं हातानंच खूण केली आणि वर म्हणाला, "हाँ हाँ, दोनों तरफ. एकदम चकाचक."

मिस्त्रीनं दोन्ही बाजू चकाचक केल्या, मलमलीत गुंडाळून दार कोपऱ्यात ठेवलं आणि आपल्या कामाला लागला.

फेब्रुवारीत ताईंचा फोन आला, परवा सकाळच्या गाडीनं येते. शार्दूलनं हौसेनं मलमल सोडली. पुढची बाजू आरशासारखी होती. मागची बाजूही आरशासारखी होती, आणि त्यात त्याचं स्वतःचं तोंड दिसत होतं. तो तिथंच मोडक्या चौकटीवर बसला. मिस्त्रीला शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण मिस्त्रीनं तर विचारलं होतं. एवढं सरळ विचारलं होतं.

खरं सांगून टाकावं म्हणून त्यानं लगेच फोन लावला. पण ताईच बोलत सुटल्या. दार गुंडाळायला त्यांनी ऋचाची शाल काढून ठेवली होती. बहिणीला सांगितलं होतं, परवा पोरीच्या हातावर हात ठेवून येते. शार्दूल म्हणाला, "या ना ताई, वाट बघतो," आणि त्यानं फोन ठेवला. तेवढं वाक्य बोलताना आपल्याला इतकी लाज वाटूनही आवाज कसा गोड निघाला, याचं त्याला पुढे फार आश्चर्य वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं जुईला शेडमध्ये बोलावलं. सगळं सांगितलं, म्हणजे आपल्याला सोयीचं तेवढं सांगितलं. तू एक हात उमटवलास तर एका आईचं समाधान होईल, आपलं काय जातं? जुईनं त्यानं कालवून ठेवलेल्या हळदीच्या वाटीकडे बघितलं. मग म्हणाली, "बाबा, मेलेल्या मुलीचा हात मी कसा लावू? कुछ तो सोचो." त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, त्याचा आवाज कापरा झाला, आणि बापाचा आवाज कापरा झाला की मुली ऐकतात. तिनं वाटीत हात बुडवला आणि तोंड फिरवून दारावर टेकवला.

पुढचं काम त्यानं एकट्यानं केलं. आतल्या बाजूच्या पॉलिशची चमक घासून घालवली, हळदीवर चहाचं पाणी शिंपडलं, विटेची भुकटी फुंकली, कडा फडक्यानं पुसट केल्या. हात इतका जुना दिसू लागला की क्षणभर त्याला स्वतःच्या कसबाचं कौतुक वाटलं. त्या कौतुकाची शिसारी त्याला रात्रीच्या जेवणात आली, तेव्हा तो अर्ध्यावरून उठला.

ताई आल्या. बारीक चणीच्या, चष्म्याला दोरी लावलेल्या. पाणीसुद्धा न घेता शेडमध्ये गेल्या. दारासमोर उभ्या राहिल्या, चष्मा पुसला, आणि आपला पंजा त्या पिवळ्या पंजावर टेकवला. डोळे मिटले. शार्दूलला वाटलं, सुटलो. आणि सुटलो वाटल्याबद्दल त्याला जमिनीनं पोटात घ्यावं असंही वाटलं.

मागून जुई चहा घेऊन आली. ओढणी बोटांपर्यंत ओढलेली, तरी कप पुढे करताना हात उघडा पडलाच. हळद ती, साबणानं थोडीच जाते. उजवा तळवा पिवळा, नखांच्या कडा पिवळ्या. ताईंनी कप घेतला आणि बाजूला ठेवला. जुईचा हात हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला. मग एकवार दाराकडे बघितलं. जुईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"रडू नकोस बेटा," ताई म्हणाल्या. "तुझा हात चांगला आहे. पण हा हात निघणारीनं लावायचा असतो. तू तर अजून शिकतेयस." तिच्या ओढणीनंच त्यांनी तिचे डोळे पुसले.

शार्दूल बोलू लागला. मिस्त्री, फोन, टाइल्सवाला, दोन्ही बाजू, सगळं एकदम. ताईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, वर्गात पोराचं ऐकून घ्यावं तसं.

"टेंबेसाहेब," त्या म्हणाल्या, "पॉलिश झालं म्हणून फोनवर सांगितलं असतंत, तर मी घरीच रडले असते. तुमच्यावर रागावलेही असते. इतकंच झालं असतं." मग दाराकडे वळून म्हणाल्या, "आत्ता मी डोळे मिटले होते ना, तेव्हा ती मला भेटली होती."

शाल त्यांनी पिशवीतून काढलीच नाही. स्टेशनवर सोडतो म्हटलं तर नको म्हणाल्या. जुईनं रिक्षा आणून दिली, आणि ती फाटकाशी बराच वेळ उभी राहिली.

जुईच्या हातावरची हळद दोन-तीन दिवस टिकली. जेवताना ती त्याच्या समोर बसायची, त्याच हातानं भाकरी मोडायची, त्याच हातानं त्याला मीठ द्यायची, आणि एक शब्द बोलायची नाही. मग तिच्या हातावरचा रंग गेला आणि ती पुन्हा बोलू लागली, कॉलेजचं, प्लगचं, इकडचं तिकडचं. दार मात्र शेडमध्ये तसंच उभं राहिलं. तो खोटा हात काढून टाकावा म्हणून शार्दूल पॉलिश पेपर घेऊन त्याच्यासमोर जायचा. त्यावर ताईंचाही हात टेकला होता, हे आठवायचं, आणि तो पेपर खाली ठेवून परत यायचा.