उंबऱ्याखालची गाठ

लग्नाला तीन पावसाळे झाले की ठाण्याजवळच्या कोपरी गावातल्या बायका सुनेच्या तोंडाकडे बघायचं सोडतात आणि पोटाकडे बघायला लागतात. आवडाबाईच्या पोटाकडे त्या अकरा वर्षं बघत होत्या. शेवटी कंटाळून त्यांनी नाद सोडला. आवडाबाईला वाटलं, सुटले बाई एकदाची. पण सुटते कसली! तिची सासू गंगुबाई कंटाळणाऱ्यातली नव्हती.

गंगुबाईचे एकविरेला नवस बोलून झाले, झाडपाल्याचे कडूजहर रस पाजून झाले. मग तिने एका वैदूला बोलावून आवडाबाईच्या बेंबीच्या दोन्ही अंगांना तापल्या सळईने डागण्या दिल्या. जखमा भरल्या, पोट काही भरलं नाही. तेव्हा तिने लेकासाठी, दामाजीसाठी, कोपर नावाच्या दुसऱ्या गावची गोदा आणली. दुसरी बायको करायला सरकारने बंदी घातली होती म्हणे, पण मिठागराच्या बांधावर सरकार कशाला येतंय बघायला? आवडाबाईने स्वतः सवतीला ओवाळून घरात घेतलं. दामाजी हळद लावून खाली मान घालून बसला होता. बाप्या मोठा कामसू, मिठागरातलं पाणी नुसतं जिभेवर ठेवून मीठ कधी धरेल ते सांगणारा. पण आईपुढे त्याच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही.

गोदा वीस वर्षांची, हसरी, भलतीच बडबडी. आवडाबाईचा राग राग करायचा सोडून ती तिच्याच मागेपुढे करू लागली. तिला ती बाय म्हणायची. रांधताना बाय, निजताना बाय. आवडाबाईला आयुष्यात पहिल्यांदा बोलायला माणूस मिळालं, आणि मिळालं ते सवतीच्या रूपाने. देवाची थट्टा कधीकधी फार आडवळणाची असते.

तीन पावसाळे गेले. गोदाचंही पोट सपाटच. गावात कुजबुज उठली की थोरलीनेच धाकटीची कूस बांधली असणार. त्रेपन्न सालच्या पौषात गंगुबाईने होळीचा मुहूर्त धरून फर्मान काढलं, "व्हली झाली का गोदीला पन डागायची."

त्या दिवसापासून आवडाबाईचं जेवण गेलं. पदराखाली हात घालून ती आपल्या पोटावरचे दोन जुने व्रण चाचपत बसायची. सळई टेकली तेव्हाचा तो चर्र आवाज तिला अजून ऐकू यायचा. आपलं झालं ते झालं, या पोरीला डागू द्यायचं नाही, एवढंच तिने धरलं.

बांगड्या भरायच्या निमित्ताने तिने गोदाला घेतलं आणि रुळांपलीकडे ठाण्यात एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला. बाई पन्नाशीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी दोघींना तपासलं, पाळीचं विचारलं, बरंच काही विचारलं. गोदाला बाहेर बाकावर बसवून त्या आवडाबाईला म्हणाल्या, "मूल न होण्याची कारणं पुष्कळ असतात. बाईच्या गर्भनळ्या बंद असतात, कधी बीज वेळेवर तयार होत नाही, कधी गर्भाशयाला क्षय झालेला असतो. तुम्हा दोघींत मला तरी तसं काही दिसत नाही. आता तुमच्या मालकांना तपासायला हवं."

"बाप्याला?" आवडाबाई खुळ्यासारखी बघत राहिली.

"हो. मूल दोघांचं, तर कारणही दोघांत शोधायचं. त्यांना कधी मोठं दुखणं झालं होतं? ताप, गालगुंड?"

गालगुंड म्हणताच आवडाबाईच्या डोळ्यांपुढे ते दिवस उभे राहिले. लग्नाचं पहिलंच वर्ष. दामाजीचे दोन्ही गाल टम्म सुजलेले. तिने लेप लावला होता. चौथ्या दिवशी गाल उतरले आणि तो पोट धरून तळमळायला लागला. सासूने तिला माजघरातून बाहेर काढलं, दार लोटलं आणि आठ दिवस आतून गरम मिठाच्या पुरचुंडीचा वास येत राहिला. सूज कुठे आली होती ते नव्या सुनेला कुणी सांगितलं नाही. पण धोतर धुताना, त्याची फेंगडी चाल बघताना तिला काय ते कळलं होतं. घरात पुन्हा त्याचा विषय निघाला नाही.

तिने मान खाली घालून सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई पेन खाली ठेवून म्हणाल्या, "दोन्हीकडे सूज होती?"

"व्हय."

"मग त्यांना घेऊनच या. वयात आल्यावर गालगुंड तिथे उतरलं, तर कधीकधी बीज तयार होणंच थांबतं. माणूस धडधाकट असतो, संसारात काही उणं नसतं, तरी मूल होत नाही. हा नामर्दपणा नव्हे, हे त्यांना नीट सांगा."

"त्या शेकानं झाला काय बाई?"

"नाही हो. दुखण्यानं झालं असेल. शेकणारीचा दोष नाही."

सासूचा दोष नाही हे ऐकून आवडाबाईला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

दामाजीला तिने मिठागरात गाठलं. तो फळीने मीठ ओढत होता. ऐकून तो आधी हसला, मग खेकसला, मग पुन्हा फळी ओढायला लागला. आवडाबाई तिथून हलली नाही. म्हणाली, "मीठ धरला नाय तं तुमी पयलं पानी चाखता. वाफ्याला शिव्या घालत नाय. मंग घरात निसता वाफाच कशाला उकरता? दोन वाफं उकरून झालं."

तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून म्हणाला, "चल."

दवाखान्यात त्याचं वीर्य काचेखाली बघितलं. महिन्याने पुन्हा बघितलं. दोन्ही वेळा डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. एकही बीज नव्हतं, आणि त्यावर औषधही नव्हतं.

परतताना रुळांच्या अलीकडे दामाजी खाली बसला. एवढा दांडगा बाप्या, पण पोरासारखा रडला. "आवडे, गावात बोलू नको. मना नामरद बोलतील. मी मिठागरात तोंड दाखवू कसा?" नामर्दपणा वेगळा आणि हे वेगळं, हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावलं होतं. पण कोपरीला एवढा बारकावा कोण शिकवणार?

आवडाबाईला त्याची दया आली. चौदा वर्षं आपण जे सोसलं ते याला चौदा दिवसही पेलणार नाही, हे तिला कळलं. ती म्हणाली, "नाय बोलनार. पन गोदीला सोडा. व्हलीच्या आत. तिचा अजून सगला व्हायचाय."

होळीला चार दिवस असताना गावकी बसली. पंच गुणाजीने विचारलं, "दामाजी, पोरीला काडीमोड देतोस, तं कारन काय?"

दामाजी बोटाने धुळीत रेघा ओढत राहिला. आवडाबाईने त्याच्याकडे बघितलं. पटत नाही म्हण, स्वभाव जुळत नाही म्हण, काहीही म्हण. तेवढ्यात गंगुबाई गरजली, "कारन काय इचारता? वांज हाय ती! वांज म्हनून सोडा!"

गोदाचा बाप खाली बघू लागला. वांझ म्हणून सोडलेल्या पोरीला पंचक्रोशीत कोण उभं करणार? गोदा खांबाला धरून उभी होती. आवडाबाईने पुन्हा एकदा नवऱ्याकडे बघितलं. धुळीत अजून एक रेघ ओढली गेली.

तेव्हा आवडाबाई उठली. बायकांच्या घोळक्यातून दोन पावलं पुढे आली आणि म्हणाली, "गोदी वांज नाय. मीच तिची कूस बांधली. उंबऱ्याखाली गाठ पुरलीय. ती या घरातनं गेली का तिला पोर व्हईल."

लोक धावत गेले आणि त्यांनी उंबरा उकरला. कुठल्याही घराचा उंबरा उकरा, काहीतरी निघतंच. इथे चिंधीचा एक बोळा निघाला आणि त्यात अडकलेला गंजका गळ. झालं! गंगुबाईने कडाकडा बोटं मोडली. दामाजीने मान वर केली नाही. आणि गोदाने आवडाबाईकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर सोसला असता. ती घाबरली होती. आपल्या बायला घाबरली होती.

गोदा मोकळी झाली. कोपरलाच सहदेव नावाच्या विधुराशी तिचा पाट लागला, आणि वर्षाच्या आत तिला मुलगा झाला. कोपरीला आता पुरावाच मिळाला. थोरलीच्या तावडीतून सुटली आणि बघा, लगेच कूस उघडली! दुसरं काही कुणाच्या मनातही आलं नाही. दामाजीच्या मनात आलं असेल. मुलाची बातमी आली त्या संध्याकाळी तो आवडाबाईसाठी हिरव्या बांगड्या घेऊन आला आणि फळीवर ठेवून निघून गेला.

पूर्वी लग्नघरी धवले गायला आवडाबाईला बोलवायचे. वांझ म्हणून मागे बसवायचे, पण बोलवायचे. तिच्यासारखा गळा गावात नव्हता. आता ते बंद झालं. मांडवातलं गाणं ऐकू आलं की ती घरात बसून पुढची ओळ ओठांतल्या ओठांत म्हणायची. हिरव्या बांगड्या तिने भरल्या नाहीत.

पुढच्या वैशाखात ती दामाजीबरोबर ठाण्याच्या बाजारात सुकट घ्यायला गेली होती. पावसाळ्याची बेगमी करायची होती. अरुंद गल्लीत माणसांतून वाट काढत समोरून गोदा आली. जाड झाली होती, कांतीवर तेज चढलं होतं, कडेवर गुबगुबीत पोर. आवडाबाईच्या तोंडून जवळजवळ "गोदे" निघालंच होतं.

गोदाने तिला पाहिलं आणि जागच्या जागी थिजली. मग घाईघाईने पदर ओढून तिने पोराचं तोंड झाकलं. मागे माणसं, पुढे आवडाबाई. तिला पुढे जाता येईना की मागे फिरता येईना.

आवडाबाईने शेजारी बघितलं. दामाजी तिथेच होता. एवढंच त्याने बोलायला हवं होतं, की गोदे, भिऊ नको, बायनं काय केला नाय. कोपरीला नको, पंचांना नको, या एकट्या पोरीला सांगितलं तरी पुरे होतं. ती वाट बघत राहिली. दामाजी वाकून टोपलीतली सुकट निवडायला लागला. निवडलेलीच पुन्हा निवडत राहिला.

पदराखाली पोर गुदमरून रडायला लागलं.

मग आवडाबाईने गोदाकडे पाठ केली. समोरच्या दुकानाच्या भिंतीला जवळजवळ नाक टेकवून ती उभी राहिली. आपली नजर पोरावर पडत नाहीये हे गोदाला स्वच्छ दिसावं म्हणून तिने दोन्ही हातांनी डोळेही झाकून घेतले. मागून पावलं लगबगीने गेली. रडणं हळूहळू लांब गेलं, ऐकू येईनासं झालं, तरी ती तशीच उभी होती.