आखाजीच्या आधी उघडलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी क्लचप्लेट आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका. गाडीची चाकं सगळ्यांना दिसतात, हॉर्न सगळ्यांना ऐकू येतो, आम्हाला मात्र कोणी ओळखत नाही. जेवणाच्या छोट्या ताटलीएवढी माझी पोलादी चकती, दोन्ही अंगांना खरबरीत अस्तर आणि मध्ये चार स्प्रिंगा. एवढाच माझा संसार.

माझं काम सोपं आहे, पण मान मोडणारं आहे. इंजिन सारखं फिरत असतं. चाकांना कधी फिरायचं असतं, कधी थांबायचं असतं. त्या दोघांच्या मधे मी उभी. तुम्ही क्लच दाबला की मी इंजिनाचा हात सोडते, पाय उचलला की पुन्हा धरते. दिवसातून शंभर वेळा सोडायचं आणि शंभर वेळा धरायचं, आणि त्यात तक्रार करायची नाही.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी एका लहानशा पांढऱ्या गाडीत बसले आणि गाडीबरोबर पारोळ्याजवळच्या एका गावात आले. मालकाचं नाव वना. गाव त्यांना वनाआबा म्हणतं. घरात त्यांची बायको मंजुळाबाई, मुलगा प्रेमराज आणि मुलगी पुनम. चौदा वर्षं मी गिअरबॉक्सच्या अंधारात होते, म्हणून यांपैकी कोणाचाही चेहरा मला माहीत नव्हता. मी माणसं पायावरून ओळखत असे. वनाआबांचा पाय जड होता. सरळ रस्त्यावरसुद्धा ते क्लचवर पाय टेकवून बसायचे आणि मी आतल्या आत झिजायचे. प्रेमराजचा पाय हलका होता. तो दाबायचा तेव्हा पूर्ण दाबायचा आणि सोडायचा तेव्हा पूर्ण सोडायचा. माझी स्तुती चौदा वर्षांत त्यानं एकट्यानं केली. चढावर गाडी दमली की डॅशबोर्डवर थाप मारून म्हणायचा, "आजून दम शे हिनामा."

पुनमचं लग्न झालं, ती सावद्याला गेली. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, पण आपापल्या येत नाहीत. माहेरचं माणूस न्यायला यावं लागतं. दर वर्षी प्रेमराज जायचा. येताना पुनम सारखी बोलायची, हा सारखा हसायचा आणि मी मुकाट्यानं गिअर सांभाळायचे. ते माझे चांगले दिवस होते.

मागच्या वर्षी मी घसरू लागले. इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. प्रेमराजनं नवी क्लचप्लेट आणून ठेवली. गॅरेजला न नेता घरीच बसवायची, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. मोबाइलमध्ये व्हिडिओ भरून घेतले, बाभळीची एक काठी तासून गुळगुळीत केली. प्लेट बरोबर मधोमध बसवायला तशी काठी लागते. "येता रविवारले करसु," असं तो तीन रविवार म्हणाला. चौथ्या रविवारच्या आधी शेतातल्या मोटारीचा शॉक लागून तो गेला.

त्यानंतर गाडी अंगणात उभी राहिली. माझ्यावर कोणाचाच पाय पडला नाही. दुःख झालं का, असं तुम्ही विचाराल. खरं सांगते, काहीच वाटलं नाही. घरातसुद्धा तसंच होतं. बॉनेटच्या फटीतून मला अंगणातले आवाज यायचे. रडण्याचा आवाज मंजुळाबाईंचा असायचा. वनाआबांचा कधी आला नाही. ते वेळेवर जेवायचे, वेळेवर शेतात जायचे, कोणी राम राम केला तर राम राम करायचे. येणारा-जाणारा गाडी कधी सुरू होणार, तेवढंच विचारायचा.

पाच महिने असे गेले. आखाजीला चार दिवस उरले तेव्हा पुनमचा फोन आला. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरून पुजतात; या वेळी ती प्रेमराजच्या नावानं भरायची होती. बहिणीशिवाय ती कशी भरायची? मंजुळाबाईंनी फोन स्पीकरवर लावला होता. पुनम म्हणाली, "आबा, माले लेवाले आपलीच गाडी आना. दुसरी गाडीमा मी बसाव नही." आबा म्हणाले, "बरं." एवढंच.

पारोळ्याचे अमीन मिस्त्री फोनवर म्हणाले, "आबा, मी माणूस पाठवतो, अर्ध्या दिवसाचं काम." आबा म्हणाले, "नको. पोऱ्यानी आनेल शे, मीच बसाडसु." ज्या माणसानं आयुष्यात स्टेपनीसुद्धा दुसऱ्याकडून बदलून घेतली, तो साठीच्या घरात गाडीखाली शिरायला निघाला!

केळीची वाळलेली पानं पसरून आबा त्यांवर उताणे झोपले, हे मला नंतर मंजुळाबाईंच्या बोलण्यातून कळलं. छातीवर प्रेमराजचा मोबाइल. व्हिडिओ थोडा बघायचा, थांबवायचा, एक बोल्ट काढायचा. बॅटरी निघाली, स्टार्टर निघाला, गिअरचं तेल घमेल्यात आलं. पाना सटकला आणि आबांच्या बोटांची साल निघाली. रक्त कोपरापर्यंत आलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मंजुळाबाईंनी पाणी टाकलं तेव्हा ते हाताकडे असे बघत राहिले, जणू तो शेजाऱ्याचा हात आहे. शेजारचा झुलाल आला. त्यानं आणि आबांनी मिळून गिअरबॉक्स दोरानं खाली घेतला. जाताना झुलालनं विचारलं, "आबा, गाडी कव्हय चालू व्हई?"

आणि मित्रांनो, चौदा वर्षांनी मला उजेड दिसला. आबांनी मला हातात घेतलं. मी त्यांचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला. माझं अस्तर झिजून रिव्हेट, म्हणजे ते धरून ठेवणारे खिळे, वर आले होते. त्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि मला पोत्यावर ठेवून दिलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण झिजलेल्या अंगाला फारसं काही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी नवी प्लेट खोक्यातून निघाली. आबा हात धुवायला गेले तेवढ्यात मंजुळाबाई आल्या. या घरात नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत. ट्रॅक्टर असो, मिक्सर असो, कुंकू लागतंच. आणि ही तर मुलानं आणलेली शेवटची वस्तू. त्यांनी कुंकू तुपात कालवलं आणि नव्या प्लेटच्या अस्तरावर, दोन्ही बाजूंनी, चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं. वर आणखी एक बोट तूप फिरवलं. मी पोत्यावरून बघत होते. अहो बाई, आमचं सगळं जगणं त्या खरबरीतपणावर चालतं, तिथे तेलाचा थेंबसुद्धा चालत नाही! पण माझं ऐकणार कोण? आबांनी कुंकू पाहिलं आणि तसंच बसवलं. देवाचं पुसायचं कसं?

संध्याकाळी गाडी सुरू झाली. आबांनी पहिला गिअर टाकला, पाय उचलला. इंजिन ओरडलं. गाडी दोन हात सरकली आणि थरथरत उभी राहिली. पुन्हा तेच, पुन्हा तेच. फोनवर अमीन मिस्त्रींनी ऐकलं आणि विचारलं, "आबा, गाडी लगेच बंद करा. नव्या प्लेटला काही लागलं का? ग्रीस, तेल?"

आबा काही बोलायच्या आत मंजुळाबाई ओट्यावरून पुढे आल्या. "तूप-कुंकू मीच लायेल व्हतं," त्या म्हणाल्या. "त्यानी आनेल व्हती म्हनीसन."

आता मोठं भांडण होणार, असं मला वाटलं. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. परत खोलसूत." आवाज सपाट. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मंजुळाबाईंच्या तोंडावर दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं पुन्हा उघडलं. या वेळी मंजुळाबाई पदर खोचून खाली बसल्या, बोल्ट मोजून ताटात ठेवू लागल्या. नवी प्लेट पेट्रोलनं धुतली, पॉलिशपेपरनं घासली, उन्हात वाळवली. आपल्या हातानं काढलेलं स्वस्तिक त्यांनी आपल्याच हातानं घासून काढलं. बाभळीची काठी मधोमध घालून प्लेट बसली. दुपारी गाडी फाटकातून बाहेर गेली आणि चढ चढून परत आली. मी भंगारात जाणार होते म्हणून पोत्यासकट डिकीत पडले होते. मी आतून ऐकलं, नव्या प्लेटनं घट्ट धरलं होतं. हेवा वाटायला हवा होता. नाही वाटला.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही सावद्याला पोहोचलो. मला डिकीतून काढायचं राहूनच गेलं होतं, पण मागच्या सीटच्या फटीतून पुढचं दिसत होतं. जावई अमृत यांनी पाहुणचार केला. ते म्हणाले, "आबा, घरीच क्लच टाकला म्हणे! कमाल आहे!" दोन शेजारी गाडी बघून गेले. मग पुनम पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसली. आबांनी किल्ली फिरवली. क्लच दाबला. गिअर टाकला. आणि पाय उचललाच नाही.

इंजिन फिरत राहिलं. पुनमनं हळूच विचारलं, "आबा, तुम्ही कसा शेतस?"

मग आबा म्हणाले, "सारी गाडी खोली टाकी मी, पोरी. दोनदाव खोली. तरी प्रेमराज कोठेच सापडना नही."

आणि ते रडले. पाच महिन्यांनी, भर दुपारी, लोकांच्या दारात, स्टीअरिंगवर डोकं टेकवून. पुनमनं हात लांब करून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं. कोणी घाई केली नाही.

मित्रांनो, आमची काळजी घ्या. क्लचवर उगाच पाय ठेवू नका, अस्तराला तेल-तूप लावू नका, घसरायला लागलो तर ताणू नका. आम्ही बिघडलो की गाडी अडते, म्हणून आमची चौकशी निदान होते तरी. वनाआबांचं काहीच अडलं नव्हतं. ते जेवत होते, शेतात जात होते, राम राम करत होते. पाच महिने अख्खं गाव त्यांना विचारत होतं, गाडी कशी आहे. आबा कसे आहेत, हे विचारायला सावद्याची पुनम लागली.