वाटीचं तोंड वर

शुक्रवारी सकाळी पांडुरंग घाडगे बहरीनमधल्या सलमाबादच्या कामगार कॅम्पात कपडे पिळत होता, तेवढ्यात नळाशेजारी ठेवलेला फोन वाजला. आफ्रिकेतल्या मलावीहून रंजिता सिस्टरचा व्हिडिओ कॉल होता.

रंजिता साळवे मूळची संगमनेरची, इथल्या दवाखान्यात नर्स. दोन वर्षांपूर्वी फोर्कलिफ्टच्या साखळीत पांडुरंगचं बोट सापडलं होतं. टाके घालताना तो "आई गं" म्हणाला आणि ती एकदम मराठीत बोलायला लागली. तेव्हापासूनची ओळख. तिच्या चर्चची मंडळी दरवर्षी सुट्टी टाकून कुठे ना कुठे सेवेला जात. यंदा मलावीतलं एक आडबाजूचं खेडं ठरलं होतं. लोकांचे डोळे तपासायचे, शाळेवर पत्रे घालायचे आणि एक हातपंप दुरुस्त करायचा. पंप भारतीय बनावटीचा आहे, हे ऐकताच पांडुरंग सरसावून बसला होता. बहरीनला येण्याआधी नऊ वर्षं त्यानं माण तालुक्यात असलेच हातपंप उघडले-जोडले होते. इथे आल्यापासून त्याला त्यातलं कुणी काही विचारलं नव्हतं.

"भाऊ, पार नाचक्की झालीय आमची," रंजिता म्हणाली. पुरुषभर उंचीच्या वारुळावर ती उभी होती. अख्ख्या गावात रेंज तेवढ्याच जागी मिळत होती. "काल दिवसभर खपून सगळे पाइप वर काढले, नवे वॉशर घातले, परत खाली सोडले. आधी निदान करंगळीएवढी धार यायची. आता थेंबसुद्धा नाही. आणि उद्या दुपारी आम्हाला निघायचंय."

"दांडा जड लागतोय का हलका?"

रंजितानं इंग्रजीत खाली हाक दिली. गावच्या मास्तरांनी तोच प्रश्न त्यांच्या भाषेत पुढे केला. "नॉर्मल आहे," असं टीमचे प्रमुख वर्गीस सर सांगत होते, तेवढ्यात एक थोराड बाई त्यांना बाजूला सारून पुढे आली आणि हातवारे करत बोलू लागली. मास्तर हसले, मग रंजिताही.

"एस्नार्टबाई म्हणतात, पूर्वी दांडा खांदा ओढून घ्यायचा. आता रिकाम्या पातेल्यात पळी फिरवल्यासारखं वाटतं."

"ह्या बाईला कळतंय!" पांडुरंग उठून उभाच राहिला. "तिलाच इचारा, आतल्या सळ्यांचं वजन लागतंय का हाताला?"

वजन लागत होतं. म्हणजे सळी तुटलेली नव्हती. पांडुरंग तसाच ओल्या पायांनी खोलीत गेला. त्याच्या खोलीतला जमालुद्दीन वाटीतलं दही खात होता. ती वाटी त्याच्या हातातून काढून घेत पांडुरंगनं कॅमेऱ्यासमोर धरली.

"सिस्टर, वॉशर ह्या वाटीगत असतंय. तुम्ही बसवलं तवा वाटीचं तोंड वर केलं का खाली?"

रंजितानं ते इंग्रजीत खाली विचारलं. वर्गीस सरांनी डोक्यावरची टोपी काढली.

"खाली," रंजिता पुटपुटली.

"मग पाणी धरणार कशात? तोंड वर पायजे. समदं परत वर काढाया लागंल."

बोलून गेल्यावर त्यालाच वाईट वाटलं. दमलेले पुरुष खाली टेकले. एस्नार्टबाईंनी मात्र लुंगीसारखं नेसलेलं कापड गुडघ्यावर खोचलं आणि पाइपाला हात घातला. त्यांच्यामागून बायकांची रांग लागली. रंजितानं फोन ठेवला.

पांडुरंगला जेवण गेलं नाही. आपलं चुकलं असेल तर? पाइपाला चीर असेल तर? इतक्या बायकांचे हात आपल्या एका शब्दावर राबतायत, ह्या विचारानं तो खोलीत फेऱ्या मारत राहिला.

"बैठ जा यार," जमालुद्दीन म्हणाला. "होगा इंशाल्ला."

तीन वाजता फोन आला. "जोडलं, भाऊ!"

"आता दांडा मारा. तीस मीटर खोल हाय, सत्तर-ऐंशी येळा मारल्याबिगर तोंडापतुर पाणी यायचं न्हाय. मधी थांबू नगा."

बायका ताल धरून मोजू लागल्या. इकडे जमालुद्दीन हिंदीत मोजू लागला आणि त्याचा आवाज ऐकून शेजारच्या खोल्यांतली माणसं दारात गोळा झाली. साठ झाले. ऐंशी झाले. नव्वद झाले.

"थांबू नगा!" पांडुरंग ओरडला.

सत्त्याण्णवला पंप खोकला. मग मनगटाएवढी जाड धार भसकन बाहेर पडली आणि मोजणं गाण्यात बुडून गेलं. वर्गीस सर बुटांसकट धारेखाली जाऊन उभे राहिले. रंजिता वारुळावरून घसरली. स्क्रीनवर नुसतं आभाळ दिसत होतं आणि तिचं हसणं ऐकू येत होतं. सलमाबादच्या त्या बोळात माणसं टाळ्या पिटत होती, जमालुद्दीन "खलास! हो गया!" म्हणत प्रत्येकाला मिठ्या मारत होता. पांडुरंग मात्र बनियनच्या टोकानं डोळे पुसत राहिला.

तिकडे मंडळींनी हात धरून प्रार्थना केली. मास्तरांच्या तोंडी आपलं नाव 'पाँडुरांगा' असं आलेलं ऐकून पांडुरंगनंही हात जोडले.

प्रार्थना आटोपताच एस्नार्टबाई वारुळावर चढून आल्या, परत वर आलेल्या रंजिताच्या हातातून फोन घेतला आणि पांडुरंगकडे रोखून पाहत काहीतरी विचारलं.

"त्या म्हणतात, पाहुणे उद्या जातील," रंजितानं सांगितलं. "पुढच्या खेपेला पंप त्या स्वतः उघडणार आहेत. आत्ताच शिकवाल का?"

"शिकिवतो की! बसा म्हणावं."

जमालुद्दीनच्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यानं पंप काढला: साखळी, सळ्या, सिलिंडर. एकेका भागावर बोट ठेवून तो मराठीत सांगायचा, मग ते इंग्रजीतून त्यांच्या भाषेत जायचं. शेवटी एस्नार्टबाईंनी सगळं पहिल्यापासून म्हणून दाखवलं. दोन नट त्यांनी उलट्या क्रमानं सांगितले.

"न्हाय, न्हाय, मावशी," पांडुरंग हसत म्हणाला, "आधी खालचा. पुन्यांदा सांगा."

एस्नार्टबाईंनी पदर आवळावा तसं कापड आवळलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.