कुरडूच्या रकान्यातलं शून्य

छातीत धडधडतंय म्हणून जांबोटीच्या नागुबाईंना बेळगावच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम भलतंच वाढलं होतं. त्यांच्यासारख्या मूत्रपिंडाच्या दुखण्यात ते जिवावर बेततं. डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ माधवीला आणि तिच्या हाताखालच्या ऋचाला लगेच बोलावून घेतलं.

"काय खाल्लंत, मावशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुरडूची भाजी. ह्या पोरीनंच चालतंय म्हटलं. बांधावर लई उगवलीय, मग दोन्ही वक्ताला तीच."

ऋचानं घाईघाईनं संगणकावर भाज्यांची यादी काढली, कमी पोटॅशियमची भाजी वर अशी लावलेली. "कुरडू सगळ्यात वर आहे, सर. पोटॅशियम शून्य."

ती यादी माधवीनंच दोन वर्षांपूर्वी केली होती. रानभाज्यांचे आकडे कुठं मिळेनात, आणि रकाना रिकामा ठेवला की हिशेब अडायचा. मग तिनं सगळीकडं शून्य भरलं, पुढं बघू म्हणून. ते पुढं कधी आलंच नाही. माठाचा किंवा पालकाचा आकडा अंदाजानं घातला असता, तरी कुरडू यादीच्या तळाला गेली असती.

"पालेभाजीत शून्य कसं असेल?" डॉक्टर सगळ्यांदेखत ऋचावर चिडले. "एवढंही कळू नये?"

ऋचानं माधवीकडं पाहिलं. माधवी संगणकाच्या पडद्याकडं बघत राहिली.

डायलिसिस झालं, नागुबाई वाचल्या. ऋचानं त्याच आठवड्यात नोकरी सोडली आणि निपाणीला घरी गेली. माधवीनं एकेक शून्य खोडून तिथं 'माहीत नाही' असं लिहिलं, कुरडूची जुडी तपासायला प्रयोगशाळेत धाडली. पण डॉक्टरांकडं जायला तिचा पाय उचलेना.

तीन आठवड्यांनी नागुबाई तपासणीला आल्या, पार वाळलेल्या. "नुसता भात खातोय बघ. पाल्याचं भ्याच बसलंय."

माधवीला राहवेना. "मावशी, चूक त्या पोरीची नव्हती. यादी माझी होती."

नागुबाई तिच्याकडं वळल्या. "मग तिला बोलणी का खाऊ दिलीस गं?"

त्याच दिवशी माधवीनं डॉक्टरांना सगळं लिहून दिलं, आणि रविवारी निपाणीची बस धरली.

ऋचानं दारातच सगळं ऐकून घेतलं. "मला वाटत होतं, मीच वाचताना चुकले," ती म्हणाली. "कितीदा आठवून बघितलं, मॅडम."

"परत ये. मी सगळ्यांसमोर सांगीन."

"तेव्हा सगळे होतेच की तिथं."

तिनं आत नेऊन चहा दिला, स्टँडपर्यंत सोबतही आली. पण परत येण्याविषयी ती अवाक्षर बोलली नाही, आणि माधवीनंही पुन्हा विचारलं नाही.