कोरमपुरती माणसं

अजून न जन्मलेली माणसं आमच्या ग्रामसभेला येऊन बसू लागली, तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलं नाही. जन्मलेली येत नव्हतीच. कोरम भरायचा नाही, सभा तहकूब व्हायची. शेवटी ग्रामसेवक भाऊसाहेबांनी तोडगा काढला. हजेरीला ही माणसं चालतील, मताला नाही.

गावाला वाटलं होतं, तान्ही पोरं येतील. आली ती सगळी पिकली पानं. "तुमचा ठराव आमच्यापतुर पोचतो, तवर आमी म्हातारंच झालेलं असतो," त्यांतला एक जण म्हणाला. मग कुणी जास्त चौकशी केली नाही.

त्या दिवशी ठराव होता डोंगर खडी क्रशरला देण्याचा. गावाचा झरा त्याच डोंगराच्या पोटातला. कांचन निघाली तेव्हा सासूने बजावलं, "नाना म्हणतील तिथं हात वर कर. आपल्या पोराला डंपरवर घेणारेत." नाना म्हणजे सरपंच. कांचनचा नवरा वर्षभर घरात बसून होता. तिने मान हलवली.

समाजमंदिरात ती एका ऐंशीच्या म्हातारीशेजारी टेकली. म्हातारीची करंगळी वाकडी होती. कांचनने आपली पाहिली. डिट्टो तशीच.

"सरक की जरा, आज्जी," म्हातारी म्हणाली.

कांचनला सव्विसावं लागलं होतं. पदरात मूल नव्हतं, आणि त्यावरून घरात उठता-बसता टोमणे. "म्हंजे मला होतंय?" तिने विचारलं.

"व्हतंय की. माझी आई."

कांचनला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी असं वाटलं होतं.

शिपाई पाणी घेऊन आला. झऱ्याचंच. "घरी नातू हाय," असं म्हणून म्हातारीने घोट तोंडात घेतला आणि गिळला नाही. तिच्यासारख्या सगळ्यांनीच घेतला. दर सभेला ही माणसं अशीच गाल फुगवून बसायची आणि सभा संपली की पाणी तसंच घेऊन जायची.

"पुढच्या पिढीचं काय म्हणणं?" नानांनी रीतसर विचारलं.

कुणी तोंड उघडलं नाही.

"काही म्हणणं नाही," भाऊसाहेबांनी लिहून घेतलं. मागच्या खेपेला गायरान असंच गेलं होतं.

डोंगर सगळ्यांचा, त्यामुळे एक हात जरी विरोधात गेला तरी ठराव पडणार होता. नुसतं तोंडाने सांगून भागत नव्हतं, हातच लागायचा. नानांनी विचारलं, "बाजूने कोण?" एकेक हात वर जाऊ लागला, तशा भिंती आत सरकू लागल्या. लोक गुमान सरकून बसले. गुडघे हनुवटीला टेकले तरी हात वरच होते.

कांचनचा तेवढा मांडीवर राहिला होता. तिला नवरा आठवला, सासू आठवली. नंतर काहीच आठवेना.

भिंत म्हातारीच्या पाठीला लागली. तिचे गाल थरथरले, छातीतून खोकला वर आला. कांचनने दोन्ही हातांची ओंजळ करून तिच्या हनुवटीखाली धरली. पाणी ओंजळीत आलं. कोमट होतं.

म्हातारीचं तोंड आता मोकळं झालं होतं. सगळे तिच्याकडे बघू लागले. इतक्या सभा झाल्या, पण पुढची पिढी भर सभेत पहिल्यांदाच बोलणार होती.

"आज्जी," ती म्हणाली, "सांडू नगंस. पोरगं वाट बघतंय."

"आता विरोधात कोण ते सांगा," नाना म्हणाले. "कांचन, तुझा एकटीचाच राहिलाय. विरोध असंल तर हात वर कर. नसंल तर ठराव पास."

कांचनने ओंजळीत पाहिलं. पाणी काठोकाठ होतं, आणि दोन्ही करंगळ्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या होत्या.