हर्षदने पसंत केलेला लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप आहे. चंदेरी, पातळ, एका हातात मावणारा. मित्रांनो, माझ्या याच रूपाने घात केला.

माझी मालकीण निशिगंधा पोलादपूरची. संगणकावर इमारती बांधायची आणि त्यांना ऊन, सावली, रंग देऊन खऱ्यासारखी चित्रे तयार करायची. याला रेंडरिंग म्हणतात. हे काम यंत्राचा घाम काढते. म्हणून महाडच्या दुकानात तिने आधीच सांगितले, "वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं, रॅम भरपूर हवी. जड असला तरी चालेल."

पण सोबत तिचा थोरला भाऊ हर्षद होता. तो मुंबईहून सकाळीच वीर स्टेशनवर उतरला होता. त्याने मला उचलले. "ह्यो घे गो. बाजूचा तो काळा धोंडा कोण वागवणार?"

"दादा, यात कार्डच नाही."

"मला शिकवू नको. ऑफिसात अख्खा दिवस हेच बघतो मी."

दुकानदारानेही मान डोलावली. "ताई, यावर सगळं चालतं."

मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

आर्किटेक्ट मुनाफसाहेबांनी तिला पहिले काम दिले. कुडपणच्या नव्या शाळेची चित्रे सोमवारी गावकऱ्यांच्या सभेत दाखवायची होती. तिने शाळा सुरेख बांधली. रेंडरिंग सुरू झाले आणि माझा पंखा किंचाळू लागला, अंग भाजू लागले. निम्म्यावर मी बंद पडलो. तिने पुन्हा सुरू केले, मी पुन्हा पडलो. असे तीन दिवस चालले.

सोमवारी ती चित्रांशिवाय, नुसता नकाशा घेऊन गेली. मुनाफसाहेब म्हणाले, "बेटा, हात चांगला आहे तुझा, पण लोकांना नकाशा कळत नाही." काम पनवेलच्या दुसऱ्या कुणाला गेले.

हर्षद फोनवर म्हणाला, "यंत्राला काय झालंय? तुलाच येत नाय."

तिने फोन ठेवला आणि मला एक सणसणीत चापट मारली. तेव्हापासून भाऊ-बहिणीचे बोलणे तुटले.

वर्षभर दुसऱ्याच्या ऑफिसात राबून ती पुन्हा त्याच दुकानात गेली, एकटी.

"भावाला नाही आणलंत?" दुकानदाराने विचारले.

"भाऊ चित्रं काढत नाही," ती म्हणाली आणि पेनड्राइव्ह पुढे केला. "ही शाळा चालवून दाखवा."

दोन लॅपटॉप अडखळले. तिसऱ्याने चित्र पुरे केले. जाडजूड, काळा. तिने तोच घेतला.

गणपतीत हर्षद घरी आला, तेव्हा तिने मला त्याच्या मांडीवर ठेवले. "तुझी पसंती. तूच वापर."

एका दुपारी त्याने मला उघडले. 'निशे, तेव्हा माझं' एवढे टाइप केले. मग एकेक अक्षर पुसून झाकण आपटले.

मित्रांनो, यंत्र घेताना ज्याला काम करायचे आहे त्याचे ऐका. आणि चुकलात, तर ते वाक्य पुरे करा. पुसलेले मला कुणाला दाखवता येत नाही.